घाटात लुकलुकणारा ब्रेकचा लाल दिवा

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाताना आमच्या २००९ सालच्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा, वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा एका तीव्र वळणावर क्षणभर लागला आणि गाडी सरळ होताच विझला. हँडब्रेक पूर्ण खाली होता. पुढच्या वळणावरही तेच झाले. पेडल नेहमीसारखे घट्ट लागत होते, तरीही मी दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश घाट उतरलो आणि सपाटीवर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडले.

ब्रेक ऑइलच्या पिवळट पडलेल्या टाकीत पातळी खालच्या रेघेला टेकली होती. आतला तरंगता फ्लोट खाली गेला की दिवा लागतो; उतारावरच्या वळणात ऑइल एका बाजूला सरकत असल्याने तो तेवढ्यापुरता लागत होता. थांबून पाहणाऱ्या एका गृहस्थांनी वरून ऑइल ओतण्याचा सल्ला दिला. तो मी मानला नाही, कारण ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही. ते कमी झाले म्हणजे एक तर कुठे गळती आहे किंवा ब्रेक लागताना चाकाच्या डिस्कवर घासणारे पॅड झिजल्यामुळे कॅलिपरचा, म्हणजे ते पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन पुढे सरकला असून त्याच्या मागची जागा ऑइलने भरली आहे. चाकांच्या आतल्या बाजूला आणि पेडलपाशी हात फिरवून पाहिला. सगळे कोरडे होते.

चिपळूणच्या मेस्त्रींनी पुढचे चाक काढले, तेव्हा आतल्या पॅडचे लायनिंग जेमतेम दोन मिलिमीटर उरले होते. नवे पॅड बसवण्यासाठी त्यांनी दोन्ही चाकांचे पिस्टन मागे दाबले आणि एक थेंबही न ओतता टाकीतली पातळी वरच्या रेघेपर्यंत चढत गेली. आधी ऑइल भरले असते, तर ते याच वेळी उतू जाऊन रंगावर सांडले असते, आणि ब्रेक ऑइल रंग खाते.

जुने ऑइल काळपट झाले होते, म्हणून तेही बदलून घेतले. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा धरल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशच आहे. लांबलचक उतारावर ब्रेक तापून असे ओलसर ऑइल उकळणे, हे पेडल मऊ पडण्याचे एक मोठे कारण आहे.

शेवटी मेस्त्रींनी किल्ली फिरवायला सांगून टाकीचे झाकण फ्लोटसकट उचलले. लाल दिवा लगेच लागला, तेव्हाच त्यांनी बॉनेट बंद केले.