मॉंत्रोची युरोप टॉप-16: तिकीट शनिवारचं आधी काढा

सोळा पुरुष, सोळा बायका, दोन दिवस, आणि हरलात की बॅग भरा. टेबल टेनिसच्या युरोप टॉप-16 स्पर्धेचा सगळा मामला एवढाच. गट नाहीत, पात्रता फेरी नाही, "पुढच्या सामन्यात भरून काढू" नाही. मोठ्या खुल्या स्पर्धांत पहिले दोन दिवस नामवंत खेळाडू कुणा नवख्याला अर्ध्या तासात गुंडाळतात आणि आपण पेंगत बसतो. इथे पहिल्याच फेरीत दोन्ही बाजूंना युरोपातल्या वरच्या फळीतलेच. म्हणून मुख्य सल्ला सुरुवातीलाच: एकाच दिवसाचे पैसे आणि सुट्टी असेल तर शनिवार घ्या, फायनलचा रविवार नव्हे. सगळे लोक उलट करतात. शनिवारी सकाळपासून रात्रीपर्यंत सामने चालू असतात, आणि दुपारपर्यंत एखाद्या मानांकित खेळाडूचा निकाल लागलेला असतो. रविवारी सामने मोजकेच, त्यांच्यामध्ये वेळ मोकळा, आणि तेच सामने घरी बसूनही बघता येतात.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय तिकडे एवढं लांब कशाला जायचं ते कळत नाही. ही स्पर्धा 1971 मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या झादारला सुरू झाली, टॉप-12 म्हणून. बारा जण, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, म्हणजे एकेकाचे अकरा सामने. स्वीडनचा वाल्डनर सात वेळा जिंकला, आणि पुढे जर्मनीच्या टिमो बोलनेही सातावर नेऊन ठेवलं. 2015 मध्ये बाराचे सोळा झाले. 2018 पासून बहुतेक वर्षं ती स्वित्झर्लंडमधल्या मॉंत्रोला, बहुधा फेब्रुवारीत होते. 2021 मध्ये मात्र ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीला गेली होती. त्या 2018 च्या फायनलची गोष्ट जुनी मंडळी अजून रंगवून सांगतात. जानेवारीत जागतिक क्रमवारीत पहिला झालेला जर्मनीचाच ओव्हचारोव्ह समोर, आणि त्याला हरवणारा बोल छत्तिशी ओलांडलेला. पुढच्याच महिन्यात पहिला क्रमांक बोलकडे आला, सदतिसाव्या वाढदिवसाच्या आसपास. आमच्या क्लबात तिशीतच गुडघ्याला पट्टा बांधून बसणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवते.

आता जायचं कसं. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे, पण तिथून मॉंत्रो लांब, गाडीने पावणेतीन-तीन तास. जिनिव्हाला उतरता आलं तर उत्तम. विमानतळाच्या खालीच स्टेशन, आणि सव्वा तासाच्या आसपास थेट गाडीने मॉंत्रो. जाताना तळं उजव्या हाताला असतं. लोझान सुटलं की लाव्होचे द्राक्षमळे सुरू होतात, दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी जिनिव्हाच्या तळ्यापर्यंत उतरलेले. 2007 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. फेब्रुवारीत वेलींवर पान नसतं, नुसत्या काड्या, पण बांधांची रचना तेव्हाच नीट दिसते. रेल्वेचं तिकीट स्टेशनवर ऐन वेळी काढू नका. स्विस रेल्वेच्या अ‍ॅपवर आधी काढलं तर ठराविक गाडीचं सवलतीचं तिकीट मिळतं, फक्त ती गाडी चुकली की पैसे गेले. विमान उशिरा येण्याची भीती असेल तर दिवसभराचा सेव्हर पास बघा. तोही जितका आधी घ्याल तितका स्वस्त.

राहण्याबद्दल माझं ठाम मत: मॉंत्रोच्या तळ्याकाठच्या हॉटेलांत राहण्यात अर्थ नाही. सामने मॉंत्रो गावात नाहीतच, ते शेजारच्या क्लारांमध्ये पिएरिएच्या क्रीडागृहात होतात. क्लारां किंवा वेवेला खोली शोधा. हॉटेलात नाव नोंदवताना मॉंत्रो रिव्हिएरा कार्ड मिळतं, त्यावर या भागातल्या बस आणि लोकल गाड्या मुक्कामभर फुकट. दिलं नाही तर मागून घ्या, तुमच्या पर्यटक करातूनच ते येतं. 201 नंबरची ट्रॉलीबस वेवे, क्लारां, मॉंत्रो आणि पुढे शिलोंचा किल्ला अशी तळ्याच्या कडेने जाते. क्लारांचं स्टेशनही आहे, मॉंत्रोच्या लगेच अलीकडे, पण तिथे फक्त लोकल थांबतात. जिनिव्हाच्या जलद गाडीत बसलात तर क्लारां खिडकीतून बघाल. हवा कोरडी असेल तर मॉंत्रोहून तळ्याकाठच्या रस्त्याने चालतच जा, अर्ध्या तासाच्या आसपास लागतो.

क्रीडागृह मोठं नाही, आणि हाच त्याचा गुण. आपण बालेवाडीला वरच्या रांगेतून पाहतो तसं इथे नाही. खेळाडूच्या बुटांची करकर ऐकू येते. जागा मात्र विचार करून धरा. पहिल्यांदा येणारे टेबलाच्या टोकामागे बसायला धावतात, कारण टीव्हीवर तसंच दिसतं. माझं ऐका, बाजूला बसा, नेटच्या रेषेपासून थोडं हटून, आणि जमेल तितकं खाली. टोकामागून चेंडूची दिशा कळते, पण खेळाडू टेबलापासून किती मागे गेलाय आणि चेंडू नेटवरून किती उंचीने जातोय हे बाजूनेच कळतं. कॅमेरा उंचावर असल्याने तो या दोन गोष्टी सपाट करून टाकतो. पहिल्या दिवशी एकाच वेळी दोन सामने बघण्याचा मोह होतो, तो आवरा. एक धरा आणि शेवटपर्यंत बघा.

बघायचं काय? सर्व्हिस. चेंडू तळहातावरून किमान सोळा सेंटिमीटर वर जायला हवा आणि रिसीव्हरपासून लपता कामा नये, हा नियम आपल्याला पाठ. पण त्या नियमात राहून ही माणसं मनगटाने काय चोरी करतात ते तीन-चार मीटरवरून बघणं वेगळंच. एकाच हालचालीत एकदा खालचा स्पिन, एकदा काहीच नाही. समोरच्याचा पुश (हळूच ढकललेला चेंडू) नेटच्या वरून फूटभर उडतो आणि तिसऱ्या चेंडूवर पॉइंट संपतो. मी एका गेमभर चेंडूकडे बघितलंच नाही, फक्त रिसीव्ह करणाऱ्याच्या पायांकडे बघितलं. सर्व्हिस पडायच्या आत त्याचा उजवा पाय टेबलाखाली गेलेला असे. चेंडू आखूड आहे हे त्याला टप्प्याआधी कळलेलं. आणखी एक: पॉइंटच्या मध्ये जवळजवळ सगळेच नेटजवळच्या कोपऱ्यावर, जिथे चेंडू सहसा पडत नाही, घामेजलेला तळहात पुसतात. टॉवेलला सहा पॉइंटांनंतरच जाता येतं ना.

युरोपचा खेळ चीनच्या मानाने विस्कळीत असतो, प्रत्येकाची तऱ्हा निराळी, आणि मला तेच आवडतं. मोरेगार्डची बॅट गोल नाही, षटकोनी; तीच घेऊन तो पॅरिस ऑलिंपिकच्या एकेरीत रौप्यापर्यंत गेला. फेलिक्स लेब्रां आणि डांग चिऊ पेनहोल्ड पकडीने, म्हणजे लेखणी धरावी तशी बॅट धरून खेळतात, तेही बॅकहॅंडला बॅटची मागची बाजू वापरून. योर्गिचचा बॅकहॅंड म्हणजे दार आपटावं तसा. यांतलं कोण येतंय ते यादी लागली की बघा. ऐन वेळी दुखापतीने नावं गळतात, तेव्हा एकाच नावासाठी विमानाचं तिकीट काढू नका.

बायकांच्या सामन्यांना कॉफी प्यायला उठणारे बरेच दिसतात. उठू नका. रुमानियाची बर्नाडेट सोच आपल्याकडच्या टेबल टेनिस लीगमध्ये यू मुंबाकडून खेळलेली आहे, तिचा प्रत्येक पॉइंटनंतरचा आरडाओरडा टीव्हीवर अर्धाही पोचत नाही. डावखुरी पोल्कानोव्हा टेबलाला चिकटून खेळते. आणि ड्रॉमध्ये एखादी बचावात्मक खेळाडू असेल तर तो सामना सोडूच नका. अशा सामन्यात एकेक रॅली इतकी लांबते की प्रेक्षक मध्येच हसायला लागतात. माझ्या शेजारी स्थानिक क्लबाचं जॅकेट घातलेले एक आजोबा होते. चॉप, म्हणजे चेंडू खालून कापणारा बचावाचा फटका, चांगला बसला की ते टाळी न वाजवता नुसती मान हलवत, आपल्याकडे बैठकीत समेवर हलवतात तशी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला फ्रेंच, पण "टॉपस्पिन" आणि "नेट" एवढ्यावर आमचं दिवसभर छान चाललं.

खाण्याचं बघून ठेवा. हॉलमधल्या स्टॉलवर सॅंडविच, सॉसेज, बिअर असला मामला. शाकाहाऱ्यांचे हाल होतात आणि खिसा हलका होतो तो वेगळाच. शनिवारी सकाळी कोऑप किंवा मिग्रो या सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवा, कारण रविवारी दुकानं बंद. अगदीच अडलं तर स्टेशनातली छोटी दुकानं उघडी असतात. नळाचं पाणी उत्तम, बाटली बरोबर ठेवा. आम्ही थेपले नेले होते, ते शनिवारीच संपले.

बरोबरच्या माणसाला टीटीत रस नसेल तर त्याला बिनदिक्कत बाहेर सोडा. माझा नवरा पहिल्या फेरीनंतर गायब झाला तो संध्याकाळी उगवला. शिलोंचा किल्ला त्याने निवांत पाहिला. रिव्हिएरा कार्डावर तिकिटात सवलत मिळते, आणि तळघरात एका खांबावर इंग्रज कवी बायरनचं नाव कोरलेलं आहे. मग तो बाजारचौकातल्या 'क्वीन' बॅंडच्या गायकाच्या, फ्रेडी मर्क्युरीच्या पुतळ्यापाशी फोटो काढून आला. हा फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला. शाळेत तो टेबल टेनिसमध्ये तरबेज होता असं त्याच्या चरित्रांत येतं. मी हे सांगितल्यावर नवरा रविवारी निमूट माझ्याबरोबर हॉलमध्ये आला. उपाय चालतो, वापरून बघा.

व्हिसा शेंगेनचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस हाताशी हवेतच. मी तर दोन महिने म्हणेन. फी 90 युरो, शिवाय व्हिसा केंद्राचा सेवाखर्च, आणि 30,000 युरोंचा प्रवासविमा सक्तीचा. परतीचं विमान सोमवारचं घ्या. फायनल सात गेमपर्यंत गेली आणि वर बक्षीस समारंभ झाला, तर रविवारी रात्रीचं विमान गाठायला शेवटचा गेम अर्धा टाकून उठावं लागतं. आमच्या मागच्या रांगेतले दोघे 9-9 ला उठून पळाले, बॅगा गुडघ्यांवर आपटत.