सिमी: अँटिकिथेराच्या पाणबुड्यांचं गाव

अँटिकिथेरा यंत्र म्हणजे आकाशातल्या घटनांचं गणित करणारं प्राचीन ग्रीक कांस्ययंत्र. त्याबद्दल ज्यांनी वाचलंय त्यांना त्याची ३० दातेरी चाकं माहीत असतात, ग्रहणांचं गणित माहीत असतं. ते समुद्रातून वर कोणी आणलं, हे मात्र 'स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना सापडलं' एवढ्यावर उरकलं जातं. मी हौशी आकाशनिरीक्षक. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ते हिरवे पडलेले तुकडे पाहिले, आणि तेवढी एक ओळ मला पुरेना. ते पाणबुडे ग्रीसच्या सिमी बेटाचे होते. म्हणून जवळच्या ऱ्होड्स बेटाहून बोटीने सिमीला गेले.

बेट जेमतेम ५८ चौरस किलोमीटरचं. ऱ्होड्सच्या वायव्येला, तुर्कस्तानच्या दोन लांबट भूशिरांच्या मधोमध. समोरचा तुर्की किनारा ऱ्होड्सपेक्षा कितीतरी जवळ आहे. जमीन म्हणजे चुनखडीचा खडक, वर झुडपं, मधूनच सरूची झाडं. नदी नाही. पावसाचं पाणी घराखालच्या हौदात साठवायचं आणि त्यावर उन्हाळा काढायचा, ही इथली जुनी रीत. अशा खडकावर पिकणार काय? पोट भरायचं तर समुद्रातच उतरायला हवं होतं, आणि सिमीची माणसं उतरली.

गाव दोन मजली आहे म्हणा ना. खाली यालोस, म्हणजे बंदर. वर डोंगरावर खोरिओ, जुनी वस्ती. चाच्यांच्या भीतीने लोक आधी वरच राहत, किल्ल्याच्या सावलीत. चौदाव्या शतकापासून हा किल्ला सेंट जॉनच्या सरदारांकडे, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या पंथाकडे होता. १५२२ मध्ये ऱ्होड्स ऑटोमन सुलतानाच्या हाती गेलं, त्याच सुमाराला सिमीही गेलं. पण ठरावीक वार्षिक खंडणी भरायची आणि आपला कारभार आपण बघायचा, अशी मुभा सिमीकरांनी मिळवली. एकोणिसाव्या शतकात पैसा आला तसं गाव बंदराकडे उतरलं. वरच्या आणि खालच्या वस्तीला जोडणारा काली स्त्राता हा रुंद दगडी जिना, चारशे-पाचशे पायऱ्यांचा, त्याच भरभराटीच्या काळातल्या घरांमधून जातो. घरं नवअभिजात शैलीची: दर्शनी भिंतीवर त्रिकोणी माथा, त्यात एक छोटा गोल झरोका, भिंती पिवळ्या, गेरूच्या, फिकट निळ्या. काही घरांना अजून छप्पर नाही. आत अंजिराचं झाड वाढलेलं आणि दाराची चौकट मात्र शाबूत. मला तीच घरं जास्त वेळ बघावीशी वाटली.

हा सगळा पैसा स्पंजाचा आणि जहाजबांधणीचा. पूर्वीचा पाणबुडा हातात एक सपाट जड दगड धरून, एका श्वासात तळ गाठायचा. दगडाला दोर, दोर होडीतल्या साथीदाराच्या हातात. स्पंज कापायचा, जाळीत टाकायचा आणि वर यायचं. १८६० च्या दशकात तांब्याच्या शिरस्त्राणाचा पोशाख आला. आता होडीतून पंपाने हवा मिळायची. माणूस खोल जाऊ लागला, आणि बराच वेळ खाली राहू लागला. स्पंजाचा माल वाढला, व्यापारी गबर झाले.

आणि माणसं पांगळी होऊ लागली. खोलवर, दाबाखाली, हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. भरभर वर आलं की त्याचे बुडबुडे होतात; मज्जारज्जूत ते अडकले तर पाय जातात, कधी जीवच जातो. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये हे कारण मांडलं. पण वर येताना कुठे किती थांबायचं, याची ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ हॉल्डेन यांची कोष्टकं आली १९०८ मध्ये. मधली तीस वर्षं एजियन समुद्रातले पाणबुडे कोणत्याही कोष्टकाविना उतरत राहिले. यालोसच्या त्या देखण्या भिंतींकडे बघताना हा हिशेब माझ्या डोक्यातून जाईना.

याच काळात, १९०० साली, सिमीचा कप्तान दिमित्रिओस कोंदोस याची होडी वादळामुळे अँटिकिथेरा बेटापाशी थांबली. तिथे त्याचा पाणबुडा इलियास स्तादियातिस तळाशी गेला आणि घाबरून वर आला: खाली माणसांची आणि घोड्यांची प्रेतं पडली आहेत, म्हणाला. कोंदोस स्वतः उतरला आणि एक कांस्याचा हात घेऊन आला. ती प्रेतं म्हणजे एका बुडालेल्या प्राचीन जहाजावरचे पुतळे होते. मग ग्रीक सरकारने नौदलाचं जहाज दिलं आणि याच माणसांना पुन्हा त्याच खोलीवर, चाळीस मीटरच्याही खाली पाठवलं. तळावर काही मिनिटंच मिळत. १९०१ मध्ये काम थांबलं तोवर एकाचा जीव गेला होता आणि दोघे कायमचे लुळे झाले होते. तिथून वर आणलेल्या यंत्राच्या गंजलेल्या गोळ्यात चाक आहे, हे लक्षात आलं त्यानंतर, १९०२ मध्ये.

मला वाटतं, खगोलशास्त्राच्या इतिहासात या पाणबुड्यांची नावं यंत्राच्या शेजारीच लिहायला हवीत. ते उतरले नसते तर आपल्याकडे ती ३० चाकं नसती.

पुढे गावाला उतरती कळा लागली. १९१२ मध्ये इटलीने सिमीसह डोडेकनीज नावाचा हा बेटांचा समूह घेतला, समोरच्या अनातोलियाशी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाशी, शतकांचा व्यापार तुटला, नंतर कृत्रिम स्पंज आले. कितीतरी जण फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जला गेले, तिथेही स्पंजच. दुसऱ्या महायुद्धात किल्ल्यातला दारूगोळ्याचा साठा उडाला, त्यात तिथलं चर्चही गेलं. ८ मे १९४५ ला डोडेकनीजमधल्या जर्मन फौजांची शरणागती ब्रिटिशांनी सिमीतच स्वीकारली आणि १९४८ मध्ये बेटं रीतसर ग्रीसमध्ये आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे २०,००० च्या वर लोक राहत, असं सांगतात. आता अडीच हजारांच्या आसपास.

जाणार असाल तर ऱ्होड्सहून येऊन त्याच संध्याकाळी परतू नका. दिवसाच्या बोटी गेल्या की यालोसमध्ये चालायला जागा होते. काली स्त्राता सकाळी लवकर चढा, उन्हात तिथे सावली फार थोडी. आणि बेटाच्या दक्षिण टोकाला पानोर्मितिसचा मठ बघाच: मुख्य देवदूत मिखाइल हा खलाशांचा रक्षणकर्ता, त्याला वाहिलेली चांदीची गलबतं तिथे टांगलेली आहेत.