ठाण्याची थंडी आणि गॅलरीतल्या कुंड्या

उत्तरेकडच्या बागकामाचे व्हिडिओ बघून डिसेंबरात कुंड्यांवर प्लॅस्टिक घातलं असेल, तर ते आधी काढा. तिकडे दव गोठतं, म्हणून झाकावं लागतं. आपल्याकडे येऊरच्या डोंगराच्या पायथ्यालाही तशी वेळ येत नाही. उलट प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडून भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, धरते.

इथल्या हिवाळ्यात कुंड्या बहुतेक वेळा पाण्यानेच जातात. सकाळी जमिनीवरून कोरडा वारा येतो, पानांच्या कडा करपतात. आपण ती तहान समजून मगभर पाणी ओततो. वाढ मंदावलेली असते, मुळं तेवढं पाणी उचलत नाहीत आणि कुजतात. कुजलेल्या मुळांचं झाडही मान टाकतं, मग आणखी एक मग! म्हणून बोट दोन पेरं मातीत खुपसा. आत ओल लागली तर आज पाणी नाही. दहा इंची कुंडीला डिसेंबर-जानेवारीत साधारण दोन-तीन दिवसांआड पुरतं. वरच्या मजल्यावर भणाण वारा असेल तर आधी लागेल. द्याल तेव्हा सकाळी, खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्या आणि बशी रिकामी करा. मातीवर दोन इंच सुका पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसराव्यात, पण खोडापासून बोटभर लांब.

ऊन सरकतं याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारीही आपल्याकडे तो जेमतेम ४७ अंशांवर असतो. दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आतपर्यंत येतं आणि कोपऱ्यातला सावलीत वाढणारा कॅलाथिया भाजतो. उत्तरेच्या ग्रिलवर मात्र थेट ऊन येतच नाही. तिथला गुलाब हलवा.

अडेनियमची (फुगीर खोडाचं फुलझाड) पानं पिवळी पडून गळणं हा त्याचा आरामाचा काळ. खत बंद, पाणी दहा-बारा दिवसांनी. खोडाचा गड्डा दाबून बघा: टणक असेल तर हात लावू नका, थोडा सुरकुतला असेल तर पाणी द्या. मऊ लागून तपकिरी पाणी सुटलं तर तो कुजलाय. धारदार सुरीने निरोगी भागापर्यंत कापा आणि आठवडाभर सावलीत कोरडा ठेवा. तुळशीचं लग्न लागलं की तुळसही उतरणीला लागते. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडा, नाहीतर झाड बी धरण्यात संपतं.

कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड फोफावते. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले तर पान पांढऱ्या कागदावर झटका. कागदावर पडलेले कण चालू लागले की कोळी आहे समजा. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, तीन-चार दिवसांनी पुन्हा. बांधकामाची धूळही त्यातच जाते. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंब तेल, आधी १-२ मिली लिक्विड साबणात फेटून, संध्याकाळी फवारा. भुरीवर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. ही दोन्ही मात्र पाठोपाठ नकोत. मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं जळतात.

मरगळलेल्या झाडाला आत्ता खत देऊ नका. फेब्रुवारीत नवी पालवी दिसली की दहा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत घाला.