ब्लाउजातला रुमाल

गणपतीत आरतीला टाळ वाजवताना माझ्या ब्लाउजातून दुमडलेला रुमाल खाली पडला. घाम पुसायचा असेल असं समजून जाऊबाईंनी तो उचलून दिला. मला पुढचं कडवंच आठवेना.

डावीकडची गाठ काढून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग गेला, स्तन वाचला. मग रेडिएशन, शनिवार-रविवार सोडून पंधरा दिवस. वाचला खरा, पण बाहेरच्या अंगाला वाटीएवढा खळगा, कातडी काळवंडून ताठ झालेली. तिथे रुमाल.

तो खळगा भरून घ्यायचं मनात आलं. सासूबाई म्हणाल्या, "तुका आता ह्या वयात कित्याक होया ता?" उत्तर नव्हतं. तरी कणकवलीहून तुतारीने मुंबई गाठली.

प्लास्टिक सर्जनने मार्ग सांगितले. सिलिकॉन नको, कारण रेडिएशन झालेल्या जागी त्याभोवती कडक कवच धरण्याचा धोका जास्त. पाठीचा स्नायू पुढे फिरवून आणता येतो. पण मी अजून विहिरीचं पाणी ओढते, तो कसा देऊ? उरली पोटाची चरबी. ती काढून, स्वच्छ करून, बारीक नळीने खळग्यात थोडी थोडी सोडतात. यातली काही शरीर शोषून घेतं, म्हणून पुन्हा करावं लागू शकतं, हे त्यांनी आधीच सांगितलं. आधी मॅमोग्राफीही करून ठेवली.

विम्याच्या माणसाने 'कॉस्मेटिक' म्हणून फाईल परत केली. रात्री भिंग घेऊन पॉलिसी वाचली, तर त्याच कलमात अपघात, भाजणं आणि कॅन्सरनंतरची पुनर्रचना या नकारातून वगळलेली! डॉक्टरांचं पत्र जोडलं, पैसे मंजूर झाले. (भिंग सासूबाईंचं होतं.)

दुखलं ते पोट. कोकमाच्या सोलासारखं काळं-जांभळं झालं, वर घट्ट पट्टा. छातीवर मात्र दाब नको, त्या कुशीवर झोपणं बंद. पहिल्या आठवड्यात डावी बाजू उजवीपेक्षा मोठी दिसायची. मी खूश, सूज होती ती.

चौथ्या महिन्यात आंघोळ करताना बोटाला वाटाण्याएवढं काहीतरी कडक लागलं. साबण तसाच अंगावर, मी मोरीत बसून. घरी कुणाला सांगितलं नाही. रात्रभर तीच जागा चाचपत राहिले. सोनोग्राफीत निघालं, थोडी चरबी मरून तिची तेलाची पिशवी झाली होती. डॉक्टरांनी जुनी मॅमोग्राफी शेजारी लावून दाखवली, तेव्हा कुठे घशाखाली चहा उतरला.

सहा महिन्यांनी दुसरी फेरी झाली. यंदा चतुर्थीआधी शिंपीणबाईंकडे गेले. टेप लावत त्या म्हणाल्या, "टक्स दोन्हीकडे सारखेच ना?"

"डावीकडे पाव इंच कमी घ्या," मी म्हटलं.