परवानगीच्या कागदावरचा ‘सहव्याधी’ हा शेरा

तो शेरा आठवला की अजून माझं डोकं तापतं, त्यामुळे आधी त्याबद्दलच लिहीन म्हणते. पण नवीन माणसाला काही कळणार नाही, म्हणून थोडी पार्श्वभूमी.

माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. दर शनिवारी संध्याकाळी आमचा एक गट मैदानावर खेळतो. त्यात अंध मुलं आहेत, व्हीलचेअरवरची आहेत, ऑटिझम असलेली आहेत, दोन कर्णबधिर बहिणी आहेत, शिवाय सगळ्यांची भावंडं आणि गल्लीतली यायची इच्छा असेल ती पोरं. मार्च २०२० मध्ये सगळं बंद पडलं. मग काही महिने झूमवर निभावलं. फुकटच्या खात्यावर चाळीस मिनिटांत मीटिंग तुटायची आणि आमच्या मंडळींना तेवढीच पुरायची. मोज्यांचे गोळे करून घराघरात बोचे खेळलो, म्हणजे ठरलेल्या गोळ्याच्या जास्तीत जास्त जवळ आपला गोळा टाकायचा खेळ. चेंडूभोवती चुरचुरणारी प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळली, की तो फरशीवर कुठून कुठे चाललाय ते अंध मुलांना बरोबर ऐकू येतं. भाऊ मात्र शनिवारी पाच वाजता शूज घालून दाराशी बसायचा. “ताई, मैदान?” एवढंच विचारायचा.

मैदान समोरच होतं आणि उघडंही होतं. टाळेबंदी हळूहळू उठवायच्या राज्य सरकारच्या ‘मिशन बिगिन अगेन’च्या आदेशांत जूनपासूनच मोकळ्या मैदानावर व्यायामाला मुभा होती. दिवाळीनंतर तर तिथे क्रिकेटचे दोन-दोन डाव रंगायचे, मास्क सगळ्यांचे हनुवटीवर. आम्हाला गट घेऊन यायचं होतं आणि व्हीलचेअरसाठी बाजूचं गेट उघडून हवं होतं, म्हणून रीतसर अर्ज घेऊन कार्यालयात गेले.

बाबूंनी ‘दिव्यांग’ शब्दापर्यंत वाचलं आणि कागद खाली ठेवला. “मॅडम, यांना तर घरीच ठेवायचंय. वरून आदेश आहे.”

आदेशाची प्रत माझ्या पिशवीत होती. घरी थांबायचा सल्ला ६५ वर्षांवरच्यांना, सहव्याधी (म्हणजे मधुमेह, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार) असलेल्यांना, गरोदर बायकांना आणि १० वर्षांखालच्या मुलांना होता. दिव्यांग हा शब्द त्या यादीत नव्हता. मी ओळीवर बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले, “मग सहव्याधी म्हणजे तेच की.” माझ्यासोबत आमच्या गटातला एक अंध मुलगा आला होता, कॉलेजात शिकणारा. तो म्हणाला, “सर, मला फक्त दिसत नाही.” त्यावर बाबूंनी मला विचारलं, “हा काय म्हणतोय?” तो समोर उभा असताना!

अर्जावर शेरा पडला: ‘सहव्याधी असल्याने आरोग्य विभागाचा अभिप्राय घ्यावा.’ आरोग्य विभाग म्हणाला, मैदान आमच्याकडे नाही. मैदानवाले म्हणाले, आरोग्याचं लेखी आणा. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि दर वेळी ‘साहेब राउंडला गेलेत’. मध्येच मागणी आली की प्रत्येकाचं फिटनेस सर्टिफिकेट जोडा. सरकारी दवाखाने कोविडने भरलेले असताना धडधाकट मुलांना तिथल्या रांगेत उभं करायचं, ते खेळता यावं म्हणून! क्रिकेटवाल्यांकडे असलं सर्टिफिकेट कुणी मागितलं होतं?

काळजीच खोटी होती असं मी म्हणत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो, आणि त्यांच्यात कोरोना जास्त गंभीर होऊ शकतो. आमच्यातल्या एका आईने डॉक्टरांना विचारून मुलाला घरीच ठेवलं आणि ते बरोबरच केलं. पण तो निर्णय त्या घराचा आणि त्या डॉक्टरांचा.

शेवटी मी अर्ज नव्याने लिहिला. ‘कार्यक्रम’ हा शब्द काढून टाकला, कारण तो दिसला की गर्दीचे सगळे नियम लागू करतात. त्याजागी ‘अंतर राखून व्यायाम व खेळ’ असं घातलं. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ चं कलम २९ मनोरंजनाबद्दल आणि कलम ३० खेळांबद्दल आहे. दोन्हींचा उल्लेख केला, आदेशाच्या ओळींखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि थेट वरच्या मॅडमच्या केबिनबाहेर बसले. त्यांनी उभ्या उभ्या वाचून सही केली. “यात अडवण्यासारखं काय होतं?” असं त्यांनी बाबूंना विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते, पण खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मैदानावरची जुळवाजुळव त्यामानाने सोपी गेली. अंध मुलांना कोपर धरून चालवण्याऐवजी सहा फुटी दोरीची दोन टोकं दोघांनी धरायची. चेंडू ज्याचा त्याचा. व्हीलचेअर हाताने ढकलायच्या कड्या पुसायला विसरू नका, सॅनिटायझर सगळे हातांना लावतात आणि ते हात परत त्याच कड्यांवर जातात. कर्णबधिर बहिणींसाठी आम्ही पारदर्शक खिडकीचे मास्क शिवून घेतले. आतून साबणाचा हलका हात फिरवला की वाफ कमी धरते. ऑटिझम असलेल्या एका मुलाला कानामागचं इलास्टिक सहन होईना, तेव्हा त्याच्या आईने टोपीला दोन बटणं शिवून मास्क त्यांत अडकवला. हीच सगळ्यात हुशार युक्ती.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: कुठलाही अर्ज दोन प्रतींत न्या, बारनिशीत (आवक-जावक नोंदवहीत) नोंद करून घ्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. फाइल ‘सापडत नाही’ असं मला सांगितलं गेलं, तेव्हा तो आवक क्रमांक पुढे केल्यावरच ती सापडली. शक्यतो गटातल्या एखाद्या दिव्यांग माणसालाच बोलायला पुढे करा. तुम्ही शेजारी राहा, पण उत्तरं त्याला देऊ द्या.

एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारचे ‘ब्रेक द चेन’ नावाचे नवे निर्बंध आले आणि शनिवार-रविवार कडक बंद झाले. आमची परवानगी नेमकी शनिवारची. वार बदलून गुरुवार करा म्हटलं तर बाबू म्हणाले, “नवीन अर्ज करा.” केला. १४ तारखेला रात्री सगळंच बंद झालं. त्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. पोच मात्र माझ्याकडे आहे, शिक्क्यासकट.