इतके दिवस तुम्हाला कळलं कसं नाही?

"मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत तिला ऐकू येत नाही हे आईला कळलं कसं नाही?" लग्नात, एसटीत, शाळेच्या फाटकाशी, कुणी ना कुणी विचारतंच. आजवर "पहिलंच मूल होतं हो" म्हणून विषय बदलत आले. आज सगळं सांगते.

ऐकू न येणारं बाळही हसतं, रडतं, पहिले काही महिने हुंकार देतं. माझी लेकही द्यायची. सहा-सात महिन्यांनंतर ऐकणारी मुलं "बाबाबा, दादादा" सुरू करतात, ते आमच्याकडे झालं नाही. पण ताडून बघायला घरात दुसरं मूल नव्हतं. ताट पडलं की ती वळायची. फरशीचा हादरा तिला जाणवत होता, हे नंतर समजलं. डॉक्टरांनी मागून टाळी वाजवली, सावली हलली, ती वळली. "दोन वर्षांपर्यंत वाट बघा." सासूबाई म्हणाल्या, "हिचा बाप तरी कुठे तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला?" झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक बोंडी घालून काही मिनिटांत होणारी ओएई ही ऐकण्याची तपासणी 2006 साली आमच्या प्रसूतिगृहात नव्हती. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे वेळापत्रक मी लेक तीन वर्षांची झाल्यावर ऐकलं.

इथवर माझी बाजू खरी आहे. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

मे 2007. संगमनेर. रात्रीचं लोडशेडिंग. ती तेरा महिन्यांची, आतल्या खोलीत गादीवर. मी ओट्याशी. दिवे गेले तशी ती किंचाळून रडायला लागली. काडेपेटी सापडेना. "आले गं आले, आई आहे ना," मी तिथूनच म्हणत होते. एरवी मी दारात आले की ती गप्प व्हायची, आणि मला वाटायचं, माझा आवाज ऐकून झाली. चाचपडत गादीशी गेले, वाकून तिचं नाव घेतलं. रडणं तसंच. पुन्हा घेतलं, मग मोठ्याने, मग ओरडलेच. भिंतीपलीकडून शेजारीण विचारायला लागली, "काय झालं वहिनी?" पलीकडे ऐकू गेलं होतं. हिच्या रडण्याचा सूरसुद्धा बदलला नाही. शेवटी मी तिच्या पावलाला हात लावला. ती दचकली. मग तिने माझ्या हातावरच्या बांगड्या चाचपल्या, एकेक करून, आणि गप्प झाली.

मला त्या रात्री कळलं होतं. तपासणी झाली ऑक्टोबरमध्ये.

मधले पाच महिने मी नुसती गप्प नव्हते. मी लपवत होते. कुणी तिला हाक मारली की पटकन तिच्यासमोर जाऊन बोट दाखवायचे, म्हणजे ती वळायची आणि बघणाऱ्याला ऐकल्यासारखं वाटायचं. घरात दिराच्या लग्नाची बोलणी चालली होती. "घराण्यात काही आहे का" असं विचारलं जाईल ही धास्ती होती. हे कारण होतं की निमित्त, मला ठरवता येत नाही. पंचवीस वर्षांची होतीस, घाबरली होतीस, असं मी स्वतःला समजावते. लगेच दुसरं मन म्हणतं, घाबरलेलीला लपवायची युक्ती बरी सुचली.

झोपेचं औषध पाजून, कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवून बेरा तपासणी केली, म्हणजे आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते बघितलं. आवाज 90 डेसिबलपर्यंत नेला तेव्हा कुठे पडद्यावर लाट उमटली. दोन्ही कानांना यंत्रं लागली. मग रोज सकाळी, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे पुठ्ठा धरून, मी सहा आवाज काढायचे: आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की राजम्याचा एक दाणा डबीत टाकायचा. पाच आवाजांना दाणा पडायला लागला, पण 'स'ला तो कितीतरी महिने तिच्या मुठीतच राहायचा, आणि ती माझ्याकडे बघत राहायची.

ती आज छान बोलते, पण 'ळ' येत नाही. बाळाला बाल म्हणते. 'ळ' ऐकणाऱ्या मुलांनाही उशिरा येतो, काहींना येतही नाही. तो त्या पाच महिन्यांत गेला का, असं मी थेरपिस्टबाईंना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही. तुम्ही "कळलं कसं नाही" विचारता, तेव्हा मी तो 'ळ' शोधत असते.