ज्यानं शब्द टाकला, त्याला आधी उचला

टोळीत शिरायचं तर आतल्या कुणीतरी आपल्यासाठी शब्द टाकावा लागतो. माझ्यासाठी तो ज्यानं टाकला त्याला इथं दादा म्हणतो. पन्नाशीचा, बडबड्या, चोरीच्या गाड्यांचे बनावट कागद करण्यात पटाईत. मी पोलीस, पण गाड्यांचा दलाल बनून त्याच्याकडे गेलो होतो. सोंग विचार करून घेतलेलं. दलाल एकटा फिरतो, त्याच्याकडे पैसा कुठून आला हे कुणी विचारत नाही, आणि हाणामारीला त्याला कुणी सोबत नेत नाही. एफबीआयचा जोसेफ पिस्टोन १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या माफियात शिरला तो दागिने चोरणारा म्हणून. हिशेब साधारण तोच.

दादानं मला टोळीच्या म्होरक्यापुढं, म्हणजे थोरल्यापुढं, उभं केलं तेव्हा थोरल्यानं सहज एका माणसाचं नाव घेतलं. "त्याच्याबरोबर होतास ना तू?" असा कुणी माणूसच नव्हता. ओळख दाखवायच्या नादात हो म्हणणारे तिथंच सापडतात. मी म्हटलं, "नाव पहिल्यांदा ऐकतोय." थोरला काही बोलण्याआधीच दादा म्हणाला, "मी आणलाय ना त्याला? काही झालं तर मला धर."

पुढचे महिने कंटाळवाणे होते. गुन्ह्याची कल्पना आपल्या तोंडून जाता कामा नये, नाहीतर पोलिसांनीच फूस लावली म्हणून कोर्टात खटला कोसळू शकतो. त्यामुळं मी दिवसभर बावळटासारखा विचारत राहायचो, "मग यात मी काय करायचं?" ते समजावून सांगायचे, यंत्रात सगळं टिपलं जायचं. रात्री बसून टिपणं लिहायची.

अटकेच्या आदल्या दिवशी यादी वाचून दाखवली. पथकं मोजकी, ठिकाणं जास्त. थोरला आणि गोदाम पहिल्या फेरीत, दादाचं घर दुसऱ्या. किरकोळ माणूस, असं साहेबांचं म्हणणं. कागदावर ते बरोबरच होतं. पण दोन फेऱ्यांच्या मध्ये बातमी फुटली तर टोळी पहिल्यांदा कुणाला गाठणार? पिस्टोन १९८१ च्या जुलैमध्ये बाहेर आला. त्याला जवळ करणारा डॉमिनिक नेपोलिटानो ऑगस्टमध्ये मारला गेला, मृतदेह पुढच्या वर्षी सापडला. त्याच टोळीतल्या बेंजामिन रुजिएरोचीही पाळी होती, पण एफबीआयनं त्याला आधीच उचलला म्हणून तो वाचला. हे सगळं मी साहेबांना सांगितलं.

"एवढी काळजी कुणाची, आरोपीची?"

"साहेब, उद्या आपला साक्षीदार होऊ शकतो."

हे खरं होतं, पण मी त्यासाठी भांडत नव्हतो. साहेबांनाही ते कळलं असावं. म्हणाले, "पथक वाढवून मिळणार नाही. त्याला गोदामावर आणता येत असेल तर आण."

सकाळी गोदामातून फोन केला. "दादा, एका कागदावर चासी नंबर चुकलेला दिसतोय. येऊन बघता का?" आपल्या कामात चूक निघाली म्हटल्यावर तो चहा टाकून धावत आला. चष्मा पुसत कागद उजेडाला धरला. "कुठं चुकलाय रे? बरोबर तर आहे." तेवढ्यात शटर वर गेलं.

पथकातला कुणी मला ओळखत नव्हता, तशीच व्यवस्था होती. एकानं पाठीत गुडघा रोवून मला जमिनीवर दाबलं आणि बेड्या इतक्या करकचून आवळल्या की अंगठा बधिर झाला. मी मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या. त्याचं काम तो चोख करत होता हेही दिसत होतं. शेजारी पालथा पडलेला दादा कुजबुजला, "तोंड उघडू नकोस. वकिलाचं मी बघतो."

मी उघडलं नाही. दुसरी फेरी अजून व्हायची होती.

दादा साक्षीदार झाला नाही. आरोपपत्राची प्रत हाती पडल्यावर त्याला मी कोण ते कळलं. उलटतपासणीत त्याच्या वकिलांनी विचारलं, "फोन करून माझ्या अशिलाला गोदामावर तुम्हीच बोलावलंत?"

"हो."

"बोलावलं नसतं तर ते घरीच असते?"

"हो."

"मग पोलीस घरी जाऊन अटक करू शकले नसते का?"

"पोलीस पोचायच्या आत दुसरं कुणी पोचलं असतं."

हे उत्तर वगळावं असा अर्ज त्यांनी केला. न्यायाधीशांनी तो फेटाळला आणि वकील गाड्यांच्या नंबरांकडे वळले.